विमलबाईंची अळंबी आणि अबोला

भिसेगावात विमलबाई गप्प बसल्यात असं कुणी सांगितलं, तर लोक आधी डॉक्टरांचं नाव विचारतील. भाजी निवडताना त्या भाजीशी बोलतात. मांजराला रोज झापतात.

गेल्या वर्षी त्या घरी अळंबी पिकवायला शिकल्या. गहू शिजवायचे, पण फुटू द्यायचे नाहीत. कोरडे करून बाटलीत भरायचे, बाटली कुकरात वाफवायची. गार झाली की त्यात अळंबीचं बी. विमलबाई त्याला विरजण म्हणतात. लागलं तर गव्हावर पांढरी जाळी धरते. वाऱ्यानं, श्वासानं भलतंच काही शिरलं तर हिरवी बुरशी.

त्यांच्या सगळ्या बाटल्या हिरव्या पडल्या.

"बी कमी, तुझ्या गोष्टीच जास्त पडतात त्यात," नवरा मालोजी म्हणाले. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मोजक्या शब्दांचा माणूस. "तोंडाला फडकं बांध."

"बांधलं व्हतं."

"मग फडक्याआडून मला हाका कोन मारत व्हतं?"

बी एका बाटलीपुरतं उरलं. हीसुद्धा हिरवी पडली तर कुकर परत डाळभाताला, असं विमलबाईंनीच कबूल केलं. शब्द स्वतःचा, म्हणून धास्ती जास्त.

त्या दुपारी त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फडकं बांधलं, ओठ मिटले. बाटली उघडली.

घरातून बोलणं ऐकू येईना, तसे मागच्या अंगणात लाकडं रचणारे मालोजी थबकले.

"विमल?"

आत विमलबाईंनी ओठ आणखी घट्ट मिटले.

"अगं विमल! बरी हायेस ना?"

पावलं धावत आली. दाराला आतून कडी नव्हती. बोलावं तर श्वास बाटलीत, न बोलावं तर दार उघडून वारा आत. विमलबाईंनी दाराला पाठ लावली आणि टाचेनं दोन सणसणीत लाथा हाणल्या.

"जिती हाय बाय," बाहेर सुस्कारा पडला.

मालोजी तिथंच पायरीवर बसले. घर फारच रिकामं वाटत होतं. मग तेच बोलू लागले. टाकीत पानी आलं नाय. शेजारच्या पोपटचा टेंपो परत बंद पडला. इतकं ते लग्नातही बोलले नव्हते.

ती बाटली पुढं दुधासारखी पांढरी झाली. पण त्या दुपारी विमलबाईंना ते कुठं माहीत? झाकण घट्ट लागलं, तरी त्या दाराला टेकून ऐकत उभ्याच राहिल्या. मालोजींचं बोलणं आता शेवग्याच्या फुलांवर आलं होतं.