विमान उतरलेलं वावर

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तरी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

वाशीम-मंगरूळचा आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. पन्नास सालानंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या ग्लायडिंग क्लबनं शेलूबाजारजवळच्या माळावर पंधरा दिवसांचं शिबिर ठेवलं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांबवर उभ्या केलेल्या यंत्रानं तार गुंडाळली की ते पतंगासारखं वर चढायचं आणि तार सुटली की तरंगत राहायचं. आमच्याकडे ते एकच होतं. शिक्षकांबरोबर मी बऱ्याचदा उडालो होतो. एकट्यानं एकदा उडालो की प्रमाणपत्र मिळणार होतं. माझं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. पुढचा हिवाळा माझा नव्हता.

पण हवा साथ देईना. सकाळी अकरापर्यंत धुकं, ते उठलं की ढग. दोन दिवस तर पाऊसच भुरभुरला. आम्ही पंखांवरचं दहिवर पुसायचो आणि वर बघत बसायचो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तासभर उघडलं, नेमके तेव्हाच बाबा माळावर आले. उतरलेलं ग्लायडर पुन्हा जागेवर न्यायला आम्ही गावातली बैलजोडी लावली होती. ते बघून बाबा पोट धरून हसले.

"अरे, हे तं औतच झालं! मंग तुमी कायले शिकून राह्यले? काम तं बैलंच करून राह्यले!"

सोबतची मुलंही हसली. मी ओशाळलो. "हो बाबा, बैलच ओढतात," एवढंच बोललो. दोर फक्त नाकाजवळच्या आकड्याला लावायचा, पंखाला हातसुद्धा जपून लावायचा, हे सांगायचं राहून गेलं.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी लख्ख उजाडलं. सर म्हणाले, "आधी मी हवा बघून येतो. मग तू एकटा." बसता बसता त्यांनी विचारलं, "दक्षिणेला उतरावं लागलं तर जागा आहे कुठं?" मला ठाऊक असलेली एकच जागा मी सांगितली. आसेगावच्या अलीकडे आमचं वावर, ज्वारी निघून रिकामं झालेलं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन चिंचा.

सर वर गेले आणि उत्तरेचा वारा एकदम वाढला. ग्लायडर घारीएवढं दिसू लागलं, मग ठिपका झाला, मग तोही दिसेना. दुपार सरली. माळावर ना फोन, ना गाडी. बैल रवंथ करत बसले होते. ती जागा मी सांगितली होती. मी दक्षिणेकडे तोंड करून नुसता उभा होतो.

दिवस मावळताना माझा चुलतभाऊ सायकलवरून आला. लांबूनच हसत होता.

"तुहे मास्तर बेस हायेत बे! आपल्याच वावरात उतरले. चहा पेले अन् मोटर पाहाले आसेगावले गेले."

मी खालीच बसलो. "आणि विमान?"

"त्याची फिकर नोको करू. मास्तर गेले अन् काकानं जोडी जुपली. म्हणे, पोराले उद्या उडाचं हाय, सडकेलोक मीच नेऊन देतो."

"दोर कुठं बांधला?"

"नाक तं मातीत रुतलं होतं. मंग पंखाले बांधला." त्यानं सायकल माझ्याशेजारी आडवी टाकली. "वढता वढता पंख मोडला जराक. पर काका म्हणते, त्याले सांग, घाबरू नोको. सुतार बसवला हाय, सकायलोक करून देते."