भावजींचा अंगठा आणि थंड ज्योत

"तुमचा पेशंट पळाला," असा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरून उभी होते. गेली चौदा वर्षं मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टरांनी न मागता पुढचं हत्यार त्यांच्या हातात ठेवायचं, घाबरलेल्या पेशंटशी गप्पा मारायच्या आणि फोन खांद्यात दाबून बोलायचं, हे सगळं मला एकाच वेळी जमतं. त्या दिवशी मात्र नळी निसटली आणि बाईंचा सगळा गळा भिजला.

पळालेला पेशंट म्हणजे माझे धाकटे दीर. वय त्रेपन्न, वजन पंच्याऐंशी किलो, उजव्या पायाला हे एवढं बँडेज, आणि तो पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी सक्त ताकीद. असा माणूस हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरून कसा काय पळतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. बरं, पळून गेले कुठे, हे मात्र मला विचारावंच लागलं नाही. भावजींना दोनच जागा माहीत आहेत, आमचं घर आणि कारखाना. घराची किल्ली माझ्याकडे होती.

कारखान्यात ते लोखंडी पत्रे कापतात. तीस वर्षं झाली. आधी गॅसवर कापायचे, मग प्लाझ्माचं मशीन आलं. गॅसमधून वीज सोडायची, तो गॅस एवढा तापतो की बोटभर जाडीचा पत्रा लोण्यासारखा कापला जातो. भावजी पट्टी न लावता, नुसत्या नजरेने सरळ कापतात, म्हणून तिथे सगळे त्यांना 'रेघ' म्हणतात. "रेघ आला का?" "रेघला विचार." उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी घरासाठी काय काय केलंय! माझ्या शिलाई मशीनचा स्टँड, चपलांची मांडणी, दाराच्या कड्या. लग्न केलं नाही. का, ते विचारलं की "वेळच मिळाला नाही हो वहिनी" म्हणतात. जसं काही तासाभराचं काम होतं!

त्यांना अकरा वर्षांपासून साखरेचा आजार. आणि या शहाण्या माणसाने एक गोष्ट आम्हा सगळ्यांपासून लपवली. दोन वर्षांपासून त्यांच्या पावलांना काही कळेनासं झालं होतं. गार नाही, गरम नाही, काही नाही. एक दिवस वितळलेल्या लोखंडाचा थेंब बुटात पडला. भावजी संध्याकाळपर्यंत पत्रे कापत राहिले. घरी येऊन मोजा काढला तर मोज्याबरोबर अंगठ्याखालची कातडीच निघून आली.

ती जखम पाच महिने भरली नाही. वास येऊ लागला तेव्हा सर्जन म्हणाले, अंगठा काढावा लागेल. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी करंगळी काढली, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि पुढच्या वर्षी माणूसच गेला. अंगठा म्हटलं की आम्हाला पुढचं सगळं दिसत होतं. आमच्या ह्यांनी तर जेवणच टाकलं.

तेवढ्यात त्याच हॉस्पिटलमधल्या जखमांच्या डॉक्टरबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलेलं नाही. मला चार आठवडे द्या. आमच्याकडे एक नवी पद्धत आहे. जादू नाही, शंभर टक्के गुण येईल असंही मी म्हणत नाही. पण जंतू मरतात आणि काही जखमा भरायला लागतात. नाही जमलं तर सर्जन आहेतच." सर्जनने चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली. आम्ही देवाचे आभार मानले. आणि पहिल्याच दिवशी आमचं रत्न पळालं.

मी कारखान्यात पोचले तेव्हा भावजी आपल्या मशीनशेजारी स्टुलावर बसले होते. बँडेज काळं झालेलं. माझं डोकंच फिरलं. आजूबाजूला चार माणसं आहेत याचंही भान राहिलं नाही.

"लाज नाही वाटत? त्या बाईंनी तुमच्यासाठी सर्जनशी भांडून दिवस मागून घेतले आणि तुम्ही शाळा बुडवल्यासारखे पळून येता?"

"वहिनी, त्या माझ्या पायावर प्लाझ्मा सोडणार होत्या."

"मग सोडू द्या की!"

"मी डोळ्यांनी बघितलं. आर्गॉन गॅसची टाकी, नळी, हातात धरायचा टॉर्च, टोकाला जांभळी ज्योत. सगळं इथल्यासारखं. तीस वर्षं मी त्याने लोखंड कापतो, मला नका शिकवू."

"ती थंड असते. आमच्या दवाखान्यात तीच ज्योत दातात घालतात."

"थंड ज्योत!" ते हसले. मग हसू गेलं आणि आवाज खाली आला. "वहिनी, हात असता तर ठेवला असता पुढे. चटका बसला तर ओढून घेता येतो. या पायाला काही कळतच नाही. त्या दिवशी मांस जळालं तरी मला पत्ता नव्हता. बाईंचा हात चुकला, यंत्र बिघडलं, तर ओरडणार कोण?"

मी शेजारचं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. मी त्यांना भित्रे समजत होते, आणि माणूस अगदी बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं. आमचे दातांचे डॉक्टर स्वभावाने गरीब आहेत. मी सांगितलेलं ते सहसा मोडत नाहीत. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी पेनाएवढं एक यंत्र घेतलंय. दाताचं मूळ साफ केलं की आतल्या बारीक वाटांमध्ये जंतू दडून बसतात, तिथे ती ज्योत थोडा वेळ धरतात. त्यांनी पेन सुरू केलं. सुईसारखी जांभळट ज्योत, बारीक सूं आवाज.

भावजींनी खिशातून एक खडू काढला. हा कारखान्यातला खडू. लोखंड किती तापलंय ते बघायला वापरतात. त्याने रेघ मारायची, ठराविक तापाला ती वितळते. त्यांनी सगळ्यात कमी तापाचा, पन्नास अंशांचा शोधून आणला होता. शेल्फवरचा प्लास्टरचा एक जबडा उचलला, पुढच्या दातावर रेघ मारली आणि डॉक्टरांपुढे धरला.

"इथे धरा. हलवू नका."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "धरा म्हणतात तर धरा."

एक मिनिट झालं, दोन झाली. भावजी रेघेवरून नजर काढेनात. रेघ होती तशीच. मग त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं.

"आईशप्पथ," ते म्हणाले, "फुंकर घातल्यासारखं वाटतंय. हे असं कसं?"

डॉक्टरांना कुणी प्रश्न विचारला की फार आनंद होतो. ते म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये सगळाच गॅस तापतो. इथे वीज फक्त क्षणभर, तुटक तुटक देतात. त्यामुळे त्यातले अगदी हलके कण तेवढे उधळतात, बाकीचे जागचे हलत नाहीत. हॉलमध्ये चार जण नाचतायत आणि चारशे जण खुर्चीत बसलेत, तर हॉल कशाला तापेल? पण त्या चार जणांचा धिंगाणा जंतूंना सोसत नाही."

"पटलं," भावजी म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात पुढे म्हणाले, "पण हे तुमचं पेन झालं. तिथलं यंत्र वेगळं. आणि रोज तिथे खडू कोण लावणार?"

मी हात जोडले. "मी लावते. खडू नको, माझा हात लावते. दर वेळी आधी माझ्या मनगटावर धरायला सांगते. भाजलं तर मी ओरडेन. आणि माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"गल्लीच्या टोकापर्यंत जातो," भावजी गंभीरपणे म्हणाले. मग मान डोलावली.

या सगळ्या घोळात चार दिवस गेले होते. डॉक्टरबाई रागावतील म्हणून मी आधीच पडेल चेहरा करून भावजींना घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार मानते. म्हणाल्या, "पायाला कळत नाही म्हणून घाबरणारे तुम्ही पहिलेच पेशंट. बाकीच्यांना मीच सांगून सांगून थकते." आणि त्यांनी खरंच ज्योत आधी माझ्या मनगटावर धरली. पूर्ण एक मिनिट. मला जरा गुदगुल्या झाल्या, एवढंच. मग भावजींच्या पायावर.

आठवड्यातून तीनदा जायचो. आधी नर्स जखमेवरचं मेलेलं कातडं खरवडून काढायची, मग ज्योत, मग पट्टी. भावजींना अंगठ्याखाली खड्डा असलेली खास चप्पल दिली होती. साखरेवर माझी नजर होती. मी बिस्किटांचा डबा शिलाईच्या कापडांत लपवला, तो त्यांनी शोधून काढला, मग मी तो शेजारणीकडेच ठेवून दिला. भावजी खुर्चीत बसल्या बसल्या गॅसच्या टाकीवरचा काटा बघायचे आणि डॉक्टरबाईंना सांगायचे, "बाई, प्रेशर उतरतंय." एकदा तर खरंच नळीचा जोड सैल निघाला. त्या दिवसापासून त्यांची मान दोन इंच वर गेली.

दर सोमवारी नर्स जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनने गिरवायची. भावजींनी ते कागद तिच्याकडून मागून घेतले. घरी येऊन एकावर एक ठेवायचे आणि दिव्यासमोर धरायचे. पहिल्या आठवड्याची रेघ आणि दुसऱ्याची रेघ तंतोतंत एक. आमचे हे खोलीतूनच उठून गेले. भावजी तेवढे म्हणाले, "वाढली तर नाही ना वहिनी. पाच महिन्यांत पहिल्यांदाच वाढली नाही."

तिसऱ्या सोमवारी नवी रेघ आतल्या बाजूला आली. नखाच्या जाडीएवढी. पण सगळीकडून आत. ज्या माणसाने आयुष्यभर रेघाच बघितल्या, तो चुकणार नव्हता. तरी मी चष्मा लावून तीनदा बघितलं. त्या दिवशी ह्यांनी पोटभर जेवण केलं आणि वर माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवली. म्हटलं, चला, माणूस ताळ्यावर आला. चौथ्या सोमवारची रेघ त्याच्याही बरीच आत होती.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी सर्जनची तारीख होती. आम्ही दोघंच गेलो. ह्यांना येता आलं नाही, सकाळपासून पोट बिघडलं होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलो. भावजींचं उपाशीपोटी राहणं, रक्ताचे रिपोर्ट, सहीचा कागद, सगळी तयारी होती. सर्जनने ठरवलंच असतं तर ते तासाभरात अंगठा काढून मोकळे झाले असते.

आत गेलो. सर्जनने पट्टी सोडली. जखमेच्या जागी गुलाबी कातडी आणि मध्ये वाटाण्याएवढी ओली जागा उरली होती. त्यांनी दाबून बघितलं, वास घेतला, एक्स-रे दिव्यावर लावला. डॉक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सर्जन म्हणाले, "हे कापायचं कशाला? महिनाभरात भरेल. पाय रोज बघत जा, आरसा ठेवून. पुढचा कोण आहे?"

झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आम्ही बाहेर आलो आणि परत त्याच बाकावर बसलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी ह्यांना फोन लावला, "राहिला अंगठा" एवढंच सांगितलं. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

भावजी हलेनात. सहीचा तो कोरा कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला. मग समोर बघत म्हणाले, "वहिनी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आता काय केलंत?"

"माळ्यावर बाबांच्या कुबड्या होत्या ना, लाकडी. त्या मी मागच्या महिन्यात कारखान्यात नेल्या. कापून माझ्या मापाच्या करून ठेवल्यात. बाबा माझ्यापेक्षा चार बोटं उंच होते."

मी सगळ्या लोकांसमोर त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मग मला एवढं रडू फुटलं की समोर बसलेल्या अनोळखी बाई उठल्या आणि मला पाणी आणून दिलं.