औषधाचं पथ्य

पिरंगुटात तेव्हा सातवी पास झालेली सून म्हणजे मी एकटी. त्याची शिक्षा अशी, की घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टरांशी बोलायला मला पुढं ढकलायचे.

एकोणीसशे पासष्टच्या सुमाराला आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आतड्याचा कॅन्सर झाला. पुण्यात ऑपरेशन झालं, पण तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "नवीन इंजेक्शन आलंय. बरं नाही करणार. लागू पडलं तर रोग काही महिने थोपवून धरेल." आमच्या ह्यांनी बजावलं, "आईला पयलं वाक्य तेवढं सांग." मी तेवढंच सांगितलं.

औषध करतं काय, हे मात्र आत्याबाईंनी स्वतःच विचारलं. डॉक्टर म्हणाले, गाठीला वाढायला जो माल लागतो, तसाच दिसणारा खोटा माल आम्ही रक्तात सोडतो. गाठ तो उचलते आणि वाढ खुंटते.

"म्हंजी भाजलेलं भात पेरल्यावानी," आत्याबाई म्हणाल्या. "रान पेरलेलं दिसतंय, पर उगवत काय न्हाई."

डॉक्टर खूश झाले. आता सगळ्यांना असंच सांगतो, म्हणाले. मग बजावलं, की याने तोंड येईल, जुलाब होतील, तरी पोटभर खा. वजन उतरलं तर इंजेक्शन बंद करावं लागेल.

पण औषध जितकं जहाल तितकं पथ्य कडक, हा आमच्याकडचा कायदा. तेल बंद, आंबट बंद, वांगं बंद, सुकट तर नावालाही नाही. भेटायला येणाऱ्या बायकांनी एकेक जिन्नस बंद करून जावं. शेवटी अळणी पेज उरली. दुसऱ्या खेपेला वजनाचा काटा इतका खाली आला, की डॉक्टरांनी इंजेक्शन न देताच परत पाठवलं. "आठ दिवसांनी बघू. असंच राहिलं तर पुढं देता येणार नाही."

घरी आल्यावर आत्याबाई पुन्हा पेज घेऊन बसल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कशासाठी पाळताय हे पथ्य? हा रोग बरा व्हायचा न्हाई, आत्याबाई. औषध नुसतं थोपवून धरतंय, तेही अंगात ताकद असली तर." बोलून गेले आणि तिथंच रडायला लागले.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "तुला कवापास्नं ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासनं."

त्यांनी वाटी लांब सरकवली. मग म्हणाल्या, "आन मी बरी व्हायची म्हून ही पेज गिळतीया! ऊठ, सुकट भाज. तिखट बेतानं घाल, तोंड आलंय." मी उठले तशा म्हणाल्या, "तुजंबी ताट घे. येवढे दिस एकटीच उरावर घिऊन बसलीस व्हय, येडे."

आठ दिवस त्या हट्टानं जेवल्या. पथ्य सांगायला आलेल्या बायकांनाही आग्रह करकरून वाढलं. पुढच्या खेपेला काटा वर सरकला आणि इंजेक्शन मिळालं. डॉक्टरांनी माझ्याकडं खुर्ची वळवून विचारलं, "काय चारलंत यांना?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "डाक्टर, हिनं मला समदं सांगितलंय. आता हितनं फुडं जे सांगायचं त्ये मलाच सांगा. आन किती दिस, त्येबी."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडं फिरवली.