माजघरातला डोंगल

साधा नारळ घ्यायचा तरी मी दहा वाजवून बघतो, अकरावा घेतो, आणि घरी आणून फोडला की नेमका तोच कुजका निघतो. आई म्हणायची, "असोच निवडीत बसलंस, म्हणान तुझा लगीन ऱ्हवला." तर अशा माणसाने गेल्या वर्षी तीन आठवडे घालवून कॉम्प्युटरला लावायचा वायफायचा एक डोंगल निवडला. त्याचं हे सांगतोय. सांगायला लाज वाटते, पण न सांगता आता राहवत नाही.

आईचे कान सात वर्षांपूर्वी गेले. कानातलं यंत्र आणलं, तर तिला त्यात नुसती घरघर ऐकू यायची. तिने ते काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलं आणि वर झाकण लावलं. मग ती ओठ वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही, आपली आपणच शिकली. वर्षभरात अशी तयार झाली की रस्त्यापलीकडे दोघी बायका हळू आवाजात काय कुजबुजतात ते आमच्या पडवीत बसून मला सांगायची.

धाकटा भाऊ जहाजावर आहे. लहानपणी आम्ही रेडीच्या बंदरात खनिज भरणाऱ्या बोटी बघायला जायचो. मी दगडावर बसून कंटाळायचो आणि तो एकेक बोट मोजायचा. पुढे तोच एका बोटीवर चढला आणि वर्षातले दहा महिने दिसेनासा झाला. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा. आईला ऐकू येत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर ओठ तांदळाच्या दाण्याएवढे. म्हणून तो बोलायचा, मी ऐकायचो, आणि आईकडे तोंड करून सावकाश तेच पुन्हा म्हणायचो.

तेच म्हणायचो, हे खोटं. तो म्हणायचा, "ह्या वर्षी माका येवक जमाचा नाय." मी आईला सांगायचो, "चतुर्थीक येतंय म्हणता." तिचा चेहरा पडलेला मला बघवायचा नाही. एका चतुर्थीला तिने त्याच्यासाठी खापरोळी केली, गुळाच्या रसात बुडवून ठेवली आणि दुपारपर्यंत फाटकाकडे बघत बसली. पुढच्या मे महिन्यात तो आला तेव्हा तिने त्याला विचारलं, "चतुर्थीक येतंय म्हणाललंस मां रे?" तो म्हणाला, "मी? खंय? मी तर येवक नाय म्हणान सांगितलंय." आईने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिने माझ्या तोंडून आलेला निरोप घेणं सोडलं. "तुझ्या तोंडातलो तो माका नको," ती म्हणाली. "तेचा तोंड माका दाखय."

भावाने परत जाण्याआधी त्याचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर पडवीत मांडला. कुंथत चालायचा तो, म्हणून त्याने त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. मग तो नीट पळायला लागला. राउटर तिथेच भिंतीला होता, हातभर वायरीने जोडून दिला. मोठ्या पडद्यावर भावाचं तोंड ताटाएवढं दिसायचं. आई समोर स्टूल घेऊन बसायची आणि त्याचा शब्द न् शब्द टिपायची. तो येत नाही म्हणाला तर "बरा" म्हणायची, पण ते तिला त्याच्याकडून कळलेलं असायचं. मला त्यात काही काम उरलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला त्याचं थोडं वाईटही वाटायचं.

मग मी वायर टाकली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या चौकटीला दिवे लावायचे म्हणून पडवीतून माजघरात, उंबरठ्यावरून. चिकटपट्टी लावायची राहिली होती. आई फुलांचं तबक घेऊन आली आणि तिचा पाय अडकला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. माजघरातल्या खाटेवरच तिचं सगळं सुरू झालं. मी शपथ घेतली की या घरात जमिनीवर पुन्हा वायर पडणार नाही.

कॉम्प्युटर मी तिच्या खाटेशी आणून ठेवला, पण राउटर राहिला पडवीत. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती, हात-हातभर जाड. तिथे मोबाइललासुद्धा रेंज येईना. राउटर आत घ्यायला केबलवाल्याला सांगितलं, तर तो "येतंय" म्हणाला आणि अजून येतोच आहे. खाट पडवीत न्यायला आई तयार नव्हती. "येणारो-जाणारो माका बघीत जातलो," म्हणाली. उरला डोंगल.

लिनक्सला कुठलाही डोंगल चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. आतली चिप त्याच्या ओळखीची असावी लागते, नाहीतर लावलेला न लावलेला सारखाच. सावंतवाडीच्या दुकानदाराने ड्रॉवरमधून नखाएवढा एक काढून समोर ठेवला. "ह्योच घेवा. जुनो आसा, पण लिनक्स तेका वळाखता. माझ्या दुकानात तोच आसा." मी खोक्यावर वाचलं. जुना, एकाच बँडचा, वेग कमी. ओठ वाचायचे म्हणजे चित्र अडखळता कामा नये, याला नको, असं मी त्याला ऐकवलं. "मगे वीस मीटर वायर घाला नि मोकळे व्हा," तो म्हणाला. वायर हा शब्द ऐकून मी त्याच्यावर असा उखडलो की त्या बिचाऱ्याने मुकाट्याने ड्रॉवर बंद केला.

तीन आठवडे मी वाचत बसलो. कुणाच्या कॉम्प्युटरला काय चाललं, कुठल्या चिपला ड्रायव्हर आपोआप मिळतो, अँटेना एक बरी की दोन. आई खाटेवरून विचारायची, "झाला?" मी म्हणायचो, "होता." शेवटी मागवला तो दोन अँटेनांचा, दोन्ही बँडचा, सगळ्यांनी वाखाणलेला. आला, लावला, आणि कॉम्प्युटरने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. खोक्यावर नाव तेच होतं, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात दुसरी आवृत्ती. कंपनीने नाव ठेवून आतली चिप बदलली होती. अकरावा नारळ.

परत करायला वेळ नव्हता. भावाचं जहाज चार दिवसांनी बंदराला लागणार होतं. मी कॉम्प्युटर उचलून पडवीत न्यायचो, हातभर वायरीने इंटरनेट जोडायचो, ड्रायव्हर उतरवून बसवायचो, पुन्हा उचलून आत आणायचो. असं पाच-सहा वेळा केलं. आई बघून हसायची. "त्या येड्या पेटाऱ्याक जत्रेक न्हेतस काय रे?" चौथ्या दिवशी सकाळी तो लागला. वेगवान बँडवर जोडला आणि एक व्हिडिओ लावून बघितला, स्वच्छ. मी लहान पोरासारखा नाचलो.

अकराला फोन यायचा होता. आईने धुतलेलं पातळ नेसवून घेतलं, केस विंचरून घेतले, उशांना टेकून बसली. शेजारच्या दोघी तेवढ्यात पडवीत येऊन टेकल्या. आई म्हणाली, "दार लाव रे. माका तेच्याशी एकटीक बोलाचा आसा." कॉम्प्युटर सांभाळायला मी आतच राहिलो आणि माजघराचं दार लावलं. फणसाचं दार, आजोबांच्या वेळचं, ओढताना दोन्ही हात लागतात. सकाळी तपासलं तेव्हा ते सताड उघडं होतं. वेगवान बँड जाड दारा-भिंतींतून येत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

भाऊ दिसला. दाढी वाढलेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट. आईने पहिल्यांदा विचारलं ते हेच, "कधी येतलंस?" त्याने तोंड उघडलं आणि चित्र थांबलं. ओठ अर्धे उघडे, डोळे मिटता मिटता राहिलेले. आवाज मात्र येत होता. "आई, मी येतंय. साइन ऑफ घेतंय, बोट सोडतंय. तिकीट काढलंय, वीस दिवसांनी घराक. आता जावचंय नाय मी, गावातच बघतंय कायतरी." मला सगळं ऐकू आलं. आई त्या थांबलेल्या तोंडाकडे बघत राहिली, पुढे वाकून, जणू जवळ गेल्यावर ते हलेल. मग आवाजही गेला. पुन्हा जोडायला गेलो, तर त्याच्या बाजूने लागेना. त्याच दुपारी जहाज बंदरातून निघालं, म्हणजे पुढच्या बंदरापर्यंत फोन नाही.

"काय म्हणालो?" आईने विचारलं.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं. "तो येता, आई. तिकीट काढल्यान. वीस दिवसांनी. आता जावचो नाय तो."

तिने माझे ओठ पूर्ण वाचले. मग माझ्या गालावरून हात फिरवला. "बरा बरा," म्हणाली. "तू बरो आसस रे. जा, जेव जा."

मी शपथ घेतली, देवाकडे हात केला, रडलो. जितका रडलो तितकी तिची खात्री होत गेली की मी तिला फसवतोय. आयुष्यात एकदा खरं सांगितलं, तेही जसंच्या तसं, आणि तिने ते माझ्या नेहमीच्या खोट्यात जमा केलं. मग पडद्याकडे तोंड करून ती आडवी झाली. त्यानंतर तिने भावाबद्दल एकदाही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी छातीत कफ भरला, बाराव्या दिवशी ती गेली. कंपनीकडून निरोप मिळून भाऊ तिकीट बदलून आला तोवर सगळं आटोपलं होतं.

तेरावं झाल्यावर त्याला कंपनीला काही कागद पाठवायचे होते. तो सावंतवाडीला जाऊन आला आणि खिशातून नखाएवढा डोंगल काढला. त्याच दुकानातला असावा, मी विचारलं नाही. दार लावलेलंच होतं, पण त्याचा जुना हळू बँड भिंतींतूनही येतो. त्याने तो मागे खोचला, हिरवा दिवा लागला आणि कॉम्प्युटर काही न विचारता जोडला गेला. मी खाटेच्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघत उभा होतो.

अँटेनावाला त्याने हातात घेऊन उलटसुलट केला. "त्या दिशी ह्यो होतो?"

"होय."

"माझ्याकडे तुमचा चित्र थांबलला. आई आता हसतली असा दिसा होता, तितक्यारच." तो खुर्चीतून वळला. "तुमच्याकडे चलला मां? माझा तोंड दिसला तिका?"

"दिसला," मी म्हणालो.

"मगे तिका कळला, मी येतंय ता."

"कळला. तुझ्या तोंडानच कळला."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने डोळे पुसले, मान हलवली आणि कागद पाठवायला वळला. ओठ वाचणं त्याला कधी आलं नाही.