ग्लेंडाची संध्याकाळ

इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनमध्ये वीस वर्षं बस चालवलेल्या ग्लेंडा हॅसलमचे पाय आजाराने निकामी झाले. तेव्हापासून देखभाल करणाऱ्या एका संस्थेची बाई तिला संध्याकाळी साडेसहालाच झोपवून जायची. उन्हाळ्यात बाहेर लख्ख ऊन असायचं, पोरं चेंडू खेळत असायची आणि ग्लेंडा छताकडे बघत पडलेली.

मग एकदा नगरपालिकेची बाई घरी आली. म्हणाली, "तुमच्या देखभालीसाठी आम्ही संस्थेला देतो ते पैसे यापुढे तुमच्याच हाती. कोणाला ठेवायचं, कधी बोलवायचं, ते तुम्ही ठरवा."

धाकटा भाऊ क्लाइव्ह धास्तावला. "ताई, कशाला नसतं लचांड? ऐनवेळी माणूस आलंच नाही तर?"

"तर तुला बोलावीन. नुसता बसूनच असतोस की!"

ग्लेंडाने नोरीन नावाच्या बाईला ठेवलं. शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची नोकरी नुकतीच गेली होती. पहिल्याच दिवशी नोरीनने विचारलं, "झोपवायला किती वाजता येऊ?"

हे ग्लेंडाला कित्येक वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

"आधी मला क्लबात ने," ती म्हणाली. "झोपेचं मग बघू."

क्लबाच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवण्याचा खेळ रंगला होता. जुन्या मैत्रिणींनी ग्लेंडाची खुर्ची मधोमध घेतली, हातात चहा दिला. तिला आता खेळता येत नव्हतं. म्हणून तिने नोरीनला पुढे केलं, तर तिचा पहिलाच गोळा थेट कडेच्या चरात.

"अगं, बस वळवतेयस का?" ग्लेंडा ओरडली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

ऊन उतरेपर्यंत दोघी तिथेच होत्या.