उलट्या टोपीचा र

माझी नात प्रागमध्ये वाढते आहे. सहा वर्षांची झाली तरी तिला तिथल्या चेक भाषेतलं एक अक्षर काही केल्या म्हणता येत नव्हतं. इंग्रजी आर, आणि त्याच्या डोक्यावर उलटी टोपी. उच्चार र आणि झ या दोघांचा, पण एकाच दमात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रा ओढतात ना, तसं काहीसं ऐकू येतं. मुलगा सांगत होता, शेजारच्या स्लोव्हाकांकडे हे अक्षरच नाही आणि पोलंडवाले नुसतं झ म्हणून मोकळे होतात.

"मग तिकडं नोकरी धरायला काय झालं होतं तुला?" मी म्हटलं.

तो हसला नाही. वर्गातली मुलं तिला चिडवत होती. उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, काही दिवस मराठी बंद ठेवा, पोरीचा गोंधळ होतो. "आई, तूही फोनवर बोलू नकोस. अक्षर आलं की पुन्हा सुरू करू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचं बोलणं ते काय! रविवारी बाजारातून मासळी आणायची, फोन भिंतीला टेकवायचा आणि साफ करता करता एकेक मासा तिला दाखवायचा. मांदेली, बोंबील, कोळंबी. तिचं अर्धं मराठी माझ्या मासळीच्या पाटीतून आलेलं. त्यात असं काय विष होतं? पण पोर शाळेतून रडत घरी येत होती. मी तोंड शिवून घेतलं. रविवार आला की मुकाट्यानं बोंबील वर धरायची, ती नुसती मान हलवायची. ही विसरतेय, माझ्या डोळ्यांदेखत विसरतेय, या भीतीनं मला जेवण जात नसे.

परवा तिनं आपणहून फोन केला. अक्षर आलं होतं! पुन्हापुन्हा म्हणून दाखवलं. मी हातातली मांदेली टाकून टाळ्या पिटल्या आणि इतके महिने दाबून ठेवलेलं तोंडातून निघालंच, "काय गो बाय, जेवलीस का?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. आता मी म्हणायचं होतं. मी जीभ टाळ्याला लावली, जोर केला, नुसतंच खरखरलं. मला वाटलं, हसेल. पण ती फोनच्या अगदी जवळ आली आणि एकेक शब्द शोधत, मला धीर देत म्हणाली, "आजी, तू मराठी नको बोलू. मग येतं."