वाचलेलं पुस्तक आठवेना

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

यंदा मी ठरवून सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या वाचतेय. रहस्य, भय, विज्ञान, ऐतिहासिक, ग्रामीण. वाचून झालं की मोबाईलमध्ये नाव आणि दोन ओळी लिहून ठेवते. आज निजामपुऱ्यातल्या वाचनालयातून एक रहस्यकथा आणली आणि जेवणानंतर बसून निम्मी संपवली. मुलीला, सायलीला म्हटलं, "खून कोणी केलाय, काय कळत नाय गं."

ती हसली. "आई, हे तू गणपतीत वाचलंयस. भाच्याने केलाय. तूच तर सांगितलंस मला!"

मोबाईल उघडला. नाव होतं. खाली माझेच शब्द: "शेवट जबरदस्त. विसरणार नाही."

मला गणपतीत वाचलेलं त्यातलं एक पानही आठवेना.

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी ती मालिकेतली नावं विसरायची, मग दिघाशीतल्या आमच्याच घराची वाट, मग मला.

सायलीचं हसू गेलं. शेजारी बसून ती एकेक कादंबरी विचारत गेली. विज्ञानकथा मी पूर्ण सांगितली, ऐतिहासिकही. भुताच्या गोष्टीत मात्र अडकले. फक्त विहीर आठवली.

"उद्या डॉक्टरकडे जाऊया," ती म्हणाली.

"काही नसेल गं."

"नसेल तर बरंच. मी सुट्टी टाकते."

तर उद्या जातोय. भीती वाटतेय.

तुमचंही असं होतं का हो? मला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणू नका. खरं सांगा.